डॉक्टरच्या गाडीचं तोंड

माझा बाप तुमसरकडचा. तांब्याच्या खाणीत ठेकेदाराकडं काम भेटते असं ऐकून मध्य प्रदेशात मलाजखंडले आला अन् तिथंच राह्यला, माझा जलमबी तिथलाच. घरात मराठी, दाराबाहीर पाय टाकला का हिंदी, म्हणून माझी बोली अशी खिचडी हाये, तुमी लिहितानी सुधरवू नोका. नाव मनोहर. बाप म्हणे खाणीत नोको जाऊ, धूळ खाशीन माझ्यावानी, म्हणून मले गोंदियाले एका उस्तादापाशी ठेवलं, फायबरचं काम शिकाले. कुलरच्या बॉड्या, बगीच्यातल्या घसरगुंड्या, असं काहीबाही बनवो आमी. फायबरची एक गंमत हाये, वलं हाये तवर जसं वळवान तसं वळते, अन् एकडाव कडक झालं का मंग आपलं आयकत नाई.

लग्न झाल्यावर बालाघाटले दुकान टाकलं. सुमन, माझी बायको, ते बी दुकानात काम करते, घासपेपरनं घासाचं, लांबी लावाचं, म्हणजे खड्डे भराचा लगदा. तिचा हात असा हाये का डोळे मिटून फिरवते अन् सांगते, इथं खड्डा हाये. अन् खड्डा राह्यतेच.

मंग आल्या त्या मोठ्या गाड्या, लांब-लांब, पाय पुढं टाकून बसाच्या. क्रूझर म्हणतात. पोट्ट्यायले त्याच्यावर फेअरिंग पाह्यजे, म्हणजे गाडीच्या समोर लावाचा फायबरचा पडदा, हवा-पाणी अडवते थो. आमी त्याले तोंडच म्हणतो. पह्यलं तोंड बनवलं अन् लोक फोटो काढाले लागले. काय सांगू तुमाले, कुलरच्या बॉडीचा फोटो कोनी काढते काय? मी हरखून गेलो. रस्त्यानं माझं काम जाऊन राह्यलं अन् लोक मान वळवून पाहून राह्यले, हे त्याच्या आंधी कधी पाह्यलंच नोतं म्या.

तर डॉक्टर. पटले डॉक्टर, ढोराचे डॉक्टर, घर लामत्याले, नोकरी बिरसा गावाकडं. गावागावात गाडीवर फिराचं, मांगं लशीचा बर्फाचा डब्बा बांधून. साधा माणूस, माझ्याएवढाच असन वयानं. त्यायले निमोनिया होऊन गेलता अन् दवाखान्यात सांगितलं होतं का छातीले हवा लागू देऊ नोको. तर मले म्हणे, मनोहर भैया, हवा रुकनी चाहिए बस, शकल से मुझे क्या करना है, भैंस थोड़ी देखेगी. आमी हासलो. सुमन बी हासली.

एवढंच मांगतलं त्यायनं. हवा अडली पाह्यजे. सादा काच अन् सादा पडदा लावला असता तर काम चार दिवसाचं होतं.

पन माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. ती गाडी पाह्यली अन् मले वाटलं, याले असं तोंड द्याचं का बालाघाटात कोनाचं नसन. म्या गाडीच्या फ्रेमले बांधलेलं, हँडलासंगं न फिरणारं, दोन्ही बाजूनं आत वळलेलं तोंड बनवलं, गालाची रेघ अशी आत घेतली का बाजूनं पाह्यलं तर चित्ता उडी माराले बसला. बसवलं, हँडल डावीकडं पुरं मोडून, म्हणजे वळवून पाह्यलं, उजव्या हाताचा ब्रेक फायबरले लागत नोता, एक बोट जागा होती. मी खुश. सुमन जवळ आली, तिनं हँडलवर हात ठेवला, म्हणे, अहो, हात ठेवल्यावर जागाच नाई राहत, बोटं कुठं जातीन? इथं दोन इंच कापून टाका ना. मी म्हटलं, कापलं का रेघ मोडते. म्हणे मोडू द्या. मी चिडलो, म्हटलं तू पेपर घास, डिझाईन तुले काय समजते. असं बोललो. गिऱ्हाईकासमोर नाई, पन बोललो. ते पुन्हा पेपर घासाले बसली.

उन्हाळ्यात गाडी दिली. डॉक्टर दोनदा येऊन सांगून गेले, हवा बंद, खोकला बंद, बहुत बढ़िया. अन् रस्त्यावर एवढं हँडल कोनी मोडत नाई, म्हणून कायी समजलं नाई.

सावनात त्यायनं रबरचे जाडे हातमोजे घेतले पाण्यासाठी. बैहरच्या घाटात वळणावर वरून ट्रक आला, डॉक्टर हळूच होते, बाजूले घ्याले हँडल पुरं डावीकडं मोडलं अन् गाडी जागच्या जागी पडली. डाव्या पायावर. घोटा चुरला. बिरसाले, लामत्याले, सगळीकडं डॉक्टर हेच सांगत, सड़क पर गिट्टी थी, मैं घबरा गया, ब्रेक दब गया मुझसे.

गाडी दुरुस्तीले माझ्याकडंच आली. तोंड खोललं, उलटं केलं, तर आतल्या बाजूनं काळ्या रबराचे घासलेले पट्टे. चार. चार बोटांचे. हात फायबर अन् ब्रेकच्या मंधात अटकला, ब्रेक आपोआप दबला, दुसरं कायी नाई. मी पाहत राह्यलो. मांगं सुमन उभी होती, तिनंबी पाह्यलं.

अन् म्या काय केलं माहीत हाये? लांबी कालवली. भरून टाकाले. हात माझे आपोआपच चालले, खोटं कायले बोलू. सुमननं हातातला पेपर खाली ठेवला अन् घरी निंघून गेली. दोन दिवस दुकानात आली नाई. सैपाक करे, वाढे, बोले नाई.

तिसऱ्या दिवशी थो फायबरचा तुकडा पोत्यात बांधला अन् लामत्याच्या बसमधी बसलो.

डॉक्टर खाटेवर होते, पायात सळाखा. त्यायची माय चा करून राह्यली होती. म्या तुकडा त्यायच्या मांडीवर ठेवला अन् सगळं सांगितलं, सुमन काय म्हणली होती तेबी सांगितलं, मी काय म्हटलं तेबी. डॉक्टर त्या चार पट्ट्यांवर आपली बोटं ठेवून पाहत होते. एक-एक. चौथं ठेवलं अन् म्हणे, मैं तो समझ रहा था कि मैं डर गया था. रोज वही सोचता था, मनोहर भैया, कि मेरा हाथ मेरे बस में नहीं है, अब जानवर को सुई कैसे लगाऊँगा. अन् मंग रडले. म्या हात जोडले तर म्हणे, अभी आप जाओ. मायनं चा दिला नाई. बराबर केलं तिनं.

तवा समजलं मले, पाय तर मोडलाच होता, पन मी चूप राह्यलो असतो तर तो माणूस सोताले भेकड समजून जगला असता.

आता डॉक्टर हाफिसात बसतात, गावात फिराचं बंद झालं. काठी घेऊन चालतात. माझ्याशी बोलत नाईत, मीबी जात नाई. म्या सोताहून त्यायच्या भावाले सांगितलं का कोर्टात मामला कराचा असन तर करा, मी लिहून देतो. त्यायनं अजून कायी केलं नाई, करतीन तर करतीन.

तोंडं अजूनबी बनवतो, दुसरं येत नाई मले. पन गिऱ्हाईकाले पह्यले गाडीवर बसवतो, हातमोजे घालून, हँडल दोन्हीकडं पुरं मोडाले लावतो, अन् सुमन पास म्हणन तवाच पुढचं काम. दिसाले जाड दिसतात आता माझी कामं. पोट्टे दुसरीकडं जातात, म्हणतात काका की चीज़ भद्दी है. असन भाऊ.

सुमन म्हणते, सांगितलं ते बरं केलं. हौ म्हणतो मी. पन मन हलकं झालं असं म्हणतात ना लोक, तसं कायी झालं नाई. माफी मांगाची हिंमत आता नाई, कोनत्या तोंडानं मांगू. त्या माणसाच्या हातानं एखाद्या गाईले पुन्हा सुई लागो, बस, एवढंच मांगतो.