राजेळीचे दोन वाटे

(सांडोर. सकाळचे अकरा. सुकेळी करण्यासाठी सोललेली राजेळी केळी अंगणात चटयांवर मांडली आहेत. श्रीरंग, त्याचा मुलगा विघ्नेश आणि सून क्षितिजा ती एकेक करून उलटत आहेत.)

श्रीरंग : तुम्ही दोघांनी घटस्फोटाचं सांगितलंत, त्या दिवशी मी काय विचारलं होतं, आठवतं का?

क्षितिजा : आठवतं की. ‘मग ही केळी कोन उलटनार?’

विघ्नेश : मी घरून तयारी करून आलो होतो. तुम्हाला धक्का बसेल म्हणून पाण्याचा ग्लास भरून ठेवला होता.

श्रीरंग : तो तूच प्यायलास.

क्षितिजा : आणि मग आम्हाला दोघांना चटईपाशी बसवलंत.

श्रीरंग : तुमचं पटत नाही ते केळ्यांना काय ठाऊक? त्यांना आठ दिवस ऊन लागतं. बरं, वाटे घातलेस का?

विघ्नेश : घातले. शुक्रवारी कोर्टाची तारीख आहे. धंद्याचं काय करणार ते दोघांनी लिहून द्या, असं वकीलबाई म्हणाल्यात.

क्षितिजा : यानं वाटे घातले म्हणजे चांगलं ते यालाच.

श्रीरंग : तसं नसतं. आमच्यात वाटे एकानं घालायचे, आधी उचलायचं दुसऱ्यानं. मग घालनारा बरोबर सारखे घालतो. मी नि माझा भाऊ वेगळे झालो तेव्हा मी घातले होते. विहीर एकीकडं, घर एकीकडं. त्यानं विहीर उचलली.

क्षितिजा : म्हणजे तुम्ही फसलात.

श्रीरंग : बारा वरसं त्याच्याकडं पानी मागायला जायचो. तो चहा पाजायचा. भांडायला सवडच मिळाली नाही.

विघ्नेश : वाचू का? पहिला वाटा. ‘यमुना सुकेळी’ हे नाव, आईच्या फोटोचं लेबल, दादर-पार्ल्याची दुकानं, ऑनलाइन ऑर्डरी, टेम्पो.

क्षितिजा : दुसरा?

विघ्नेश : हे अंगण, चटया, राजेळीची झाडं, मागची खोली. जागा बाबांची, पण ते वापरायला लिहून देतायत. शिवाय नळापाशी ताडपत्रीची सावली करून द्यायची.

क्षितिजा : सावली कशाला?

विघ्नेश : सोलायला उन्हात बसतेस. डोकं दुखतं तुझं.

क्षितिजा : आठ वर्षं दुखतंय.

विघ्नेश : हो. पण हा वाटा उद्या मलाच आला तर उन्हात मी बसणार ना? तेव्हा सुचलं.

क्षितिजा : बाबा, याला लग्नाआधीच वाटे घालायला बसवायला हवं होतं.

श्रीरंग : हसताना बोटं आवळू नकोस, केळं चेपतंय. उचल आता कुठला तो.

क्षितिजा : थांबा जरा. मला धास्ती एकाच गोष्टीची होती. मी राहणार गोखिवऱ्याला, आईकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या बाल्कनीत दोन चादरी धड वाळत नाहीत. हे काम सुटलं असतं तर मी काय केलं असतं?

विघ्नेश : म्हणून तर नाव उचल. नाव असलं की माल कुणाकडूनही घेता येतो. तू तेच उचलशील असं धरून मी बाकीचं जुळवलंय.

क्षितिजा : अंगण.

विघ्नेश : काय?

क्षितिजा : दुसरा वाटा. केळं कधी तयार झालं ते तुझ्या आईंनी माझ्या बोटांना शिकवलं, लेबलाला नाही.

विघ्नेश : आणि मी त्या लेबलात काय भरू?

क्षितिजा : माझ्याकडून घे. मागायला आलास तर चहा पाजीन.

श्रीरंग : म्हनजे ही रोज येत राहनार.

क्षितिजा : विरारच्या ऐवजी गोखिवऱ्याहून येईन, एवढंच. सात वाजता. चालेल ना?

श्रीरंग : चालेल काय विचारतेस? तुमचं बिनसल्यापासून दोघंही उन्हं चढल्यावर उगवता. यमुना तर गेलीच. सकाळी माझ्याशी बोलायला नुसते कावळे. केळ्यांवरून हाकलतो म्हनून तेही रुसलेत.

विघ्नेश : बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?

श्रीरंग : मी अंगनाच्या बाजूचा.

विघ्नेश : पेन द्या. करतो सही. पण माल घ्यायला मी कधीही येणार.

क्षितिजा : फोन करून ये.

विघ्नेश : माझ्याच घरी?

क्षितिजा : घरी कधीही ये. अंगणात फोन करून.

श्रीरंग : बरोबर आहे तिचं. विहिरीवर जायच्या आधी मीसुद्धा हाक द्यायचो.

क्षितिजा : बाबा, ही केळी सोमवारी पुड्यांत बांधायला येतील. मागची खोली झाडून घेऊ का मी?

श्रीरंग : खोली तुझीच. पन झाडायचं माझ्यावर सोड. यमुनाचं कपाट आहे तिथं. ते अजून रिकामं करायचं राहिलंय.