निळ्या बोर्डाखाली

—बसा हो साहेब, त्या गोणपाटावर बसा, दगड तापलेत. आणि मराठीतच बोला! सातारचे ना तुम्ही? आमच्या झाशीत घराबाहेर मराठी कानावर पडते कुठे — माझा मुलगा श्रीकृष्ण, त्याला समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. असो. पुरातत्त्व खात्याच्या कागदावर सही हवी तुम्हाला, करते की. पण आधी हा बोर्ड वाचलात? संरक्षित स्मारक, हात लावील त्याला तीन महिने कैद नाहीतर पाच हजार दंड. वाचलात. आता वर छज्ज्याकडे बघा — हं, आता काय दिसणार. तिथला दगड पडला.

ह्यांच्या घराण्याचं हे शंकराचं देऊळ, रेल्वे यायच्या कितीतरी आधीचं. हे वर्कशॉपात फिटर होते, पण ड्युटीवर जायच्या आधी इथली पूजा चुकवली नाही कधी. गाभारा सात पायऱ्या उतरून, आणि पायऱ्यांच्या बरोबर वर तो दगड. पिंपळाच्या मुळाने फोडलेला. आधी बोटभर भेग, मग चार बोटं. तीन वर्षं अर्ज केले ह्यांनी. उत्तरं काय आली? पिंपळ तोडायचा तर जंगलवाल्यांना विचारा. मग नकाशा जोडा — अहो, नकाशा तुमच्याच खात्यात! मग म्हणे सिमेंट लावू नका, चुन्यातच काम व्हायला हवं, आणि ते आमचाच माणूस करील. माणूस कुठाय? गरौठ्याला गेलाय. बोर्ड मात्र एका दुपारी लागला, आणि त्याच्या बुडाशी बघा काय थापलंय — सिमेंट! हसू नका, नाहीतर हसा. हेही हसले होते.

मी कायद्याच्या विरुद्ध नाही हो. कुणीही उठून जुन्या दगडाला रंग फासावा, फरशी ठोकावी, हे मला नाहीच पटत. पण मंजुरी येईपर्यंत थांब, असं त्या दगडाला कोण सांगणार? शिवरात्र तोंडावर, लक्ष्मी तालावर, त्या तळ्यात न्हाऊन बायका इथेच येतात, लेकरं घेऊन. शेवटी मीच म्हटलं, प्रेम नगरच्या रघुनाथ मिस्त्रीला बोलवा. चुन्याचं काम बापाकडून शिकलेला माणूस. पाडायचं काही नाही, तो एक दगड दोराने उतरवून घ्यायचा, बस.

काय? रघुनाथ काय म्हणतो? ‘बाई ने खुद कही’? — म्हणणारच. कोठडीत बसलेला माणूस आणखी काय म्हणणार! माझं बयान आहे ना पोलिसांकडे, त्याने आवाज दिला नाही म्हणून. तुमच्या कागदावरही तेच लिहिलंय, मग झालं. आवाज न देता दगड सोडला त्याने, आवाज न—

दिला.

दिला हो आवाज. दोर सरकायला लागला होता, हात सोलले होते त्याचे, तरी ओरडला — ‘बाई जी, नीचे कोऊ है?’ मी ह्या इथे उभी. ह्यांच्याशीच बोलत होते, पिंडीवर गोणपाट नीट घाला, देवावर धूळ नको — मीच गाभाऱ्यात पाठवलं होतं त्यांना, मीच, हे पायऱ्या उतरत होते. म्हणून जीभ मराठीतच राहिली. एरवी रघुनाथशी मी हिंदीतच बोलते, लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांशी हिंदीत. आणि नेमकं तेव्हा ओरडले, ‘हे खाली आहेत!’ — आणि त्याच क्षणी वर्कशॉपचा भोंगा झाला. तुम्ही मराठी आहात, तुम्हाला फोड करून सांगायला नको. त्याला वर काय ऐकू गेलं? है, खाली है. मोकळं आहे, कुणी नाही. त्याने दोर सोडला.

नुसतं नाव घेतलं असतं तरी कळलं असतं त्याला. पण आम्ही नाव घेतो का? तीस वर्षांत उखाण्यापुरतं घेतलं असेल. विश्वंभर. बघा, आता येतं घेता. विश्वंभर है नीचे. किती वेळ लागतो म्हणायला?

पोलिसांनी विचारलं, उसने आवाज़ दी थी? मी मान हलवली. काय म्हणून हलवली मलाच कळलं नव्हतं, पण त्यांनी ‘नहीं’ लिहिलं, वाचून दाखवलं — आणि मॅट्रिक झालेली बाई मी, मी सही केली. ह्यांना जाऊन वीस दिवस झाले. त्याची बायको रोज त्या पिंपळापाशी येऊन बसते. मला शिव्याही देत नाही.

द्या तो कागद. नाही, ह्यावर नाही करणार. कोरा द्या. उद्या कोर्टात पेशी आहे ना त्याची? मग आजच लिहायला हवं. परवानगीशिवाय काम मी करवलं, तेही लिहा, तीन महिने असोत नाहीतर पाच हजार. आणि माझा तो शब्द हिंदीत करू नका. मी म्हटला तसाच ठेवा, आणि अर्थ शेजारी लिहा. कोर्टाला मराठी कुठे येते! लिहिलंत? ही घ्या सही.

झालं ना तुमचं काम? या आता. गाभारा बघायचाय म्हणता — बघा बापडे. मी नाही येत. तिसरी पायरी फुटलीय, भिंतीला धरून जा, जपून उतरा खा—