स्वच्छ थुंकी

काय सांगू तुम्हाला, मूळचे आम्ही भुसावळकडचे, वडील रेल्वेत म्हणून बडोद्याला आले, मी इथेच जन्मलो आणि नंदेसरीला केमिकल कारखान्यात हाडं झिजवली, तिथे सगळेच खोकतात हो, एखादा खोकला नाही तर साहेब विचारायचे, रजेवर होतास काय. म्हणून रिटायर होऊन मांजलपूरच्या सोसायटीत आलो तेव्हा खोकलाही सामानाबरोबर आला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मला तर नाहीच.

मग खालच्या मजल्यावर एकाला टीबी निघाला आणि आरोग्य केंद्राच्या हंसाबेन घरोघर तपासणीच्या डब्या घेऊन आल्या. मला म्हणाल्या, काका, थूंक नहीं, गळफो जोईए, सकाळी उठल्याउठल्या छातीतून खोल खोकून बेडका काढा. आता मी सोसायटीचा सेक्रेटरी, जिन्यात थुंकणाऱ्यांवर भाषणं देणारा माणूस, तो हिरवट गोळा परक्या बाईच्या हातात कसा देणार, तुम्हीच सांगा. बेडका टाकला बेसिनमध्ये, मग ब्रश केला, चुळा भरल्या, वेलदोडा चघळला, आणि डबीत अशी स्वच्छ थुंकी दिली, नुसती काचेसारखी, तीर्थ म्हणून खपली असती.

रिपोर्ट साफ आला. हंसाबेन म्हणाल्या फोटोही काढून घ्या छातीचा, मी म्हटलं साफ तर आहे. अख्ख्या सोसायटीला सांगून झालं, आणि खालच्या मजल्यावरून जाताना नाकाला रुमाल. मी, हो. रुमाल मी लावायचो.

पुढे आमच्या हिला, मालतीला, खोकला लागला. तिला डायबिटीस, अंगात आधीच काही उरलं नव्हतं. तिने मात्र सांगितलं तसं दिलं, छातीतलं. टीबी निघाला, मग मलाही पुन्हा तपासलं, तर मलाही निघाला, आणि माझा जुना, तिच्या आधीचा. हंसाबेन म्हणाल्या, काका, तेव्हा दिलं काय होतं तुम्ही, तर मी वेलदोड्यापर्यंत सगळं सांगितलं, मला वाटलं शेजारी बसलेली मालती हसेल, माझ्या फजितीवर ती जन्मभर हसत आली होती. तर म्हणाली, आयुष्यभर तुमची घाण मी काढली, आणि जिथे द्यायची तिथे नेमके लाजलात.

औषध दोघांना एकदमच सुरू झालं, एका ताटलीत गोळ्या काढायचो. मी बरा झालो. तिला दिवाळी दिसली नाही.

आता हंसाबेन दुसऱ्या सोसायट्यांत जातात तेव्हा मला नेतात, मी वेलदोड्याचा किस्सा सांगतो, लोक पोट धरून हसतात आणि मग डबी घेऊन गच्चीवर जाऊन खोल खोकतात, मी जिन्यात उभा राहून ऐकतो. मालतीचं नाव त्या किश्श्यात घेत नाही. तुम्ही लिहून घेतलंत, असू दे. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो. पण मघापासून बघतोय, तुम्हीही खोकताय. जरा खिडकीपाशी बसा. उद्या सकाळी डबी पाठवतो, लाजू नका.