गेलननं बोट उचललं

(नेब्रास्कातलं एक खेडं. नॉर्माचं कॅफे. दुपारची जेवणं उरकून गर्दी पांगलेली. काउंटरशी एकटा वेंडेल.)

नॉर्मा : कुठलं बोट?

वेंडेल : अगं, तसलं नव्हे. हे, अंगठ्याशेजारचं. स्टिअरिंगवरून अस्सं उचललं. इथे जो तो समोरून येणाऱ्याला ओळख दाखवायला उचलतो तसं.

नॉर्मा : गेलननं? तुला?

वेंडेल : मला. सख्ख्या भावाला. काल, धान्याच्या कोठारापुढच्या वळणावर. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

नॉर्मा : दुसऱ्या कुणाला असेल. तुझ्या मागे कोण होतं?

वेंडेल : धूळ. या काउंटीत माणसांपेक्षा गुरं जास्त, माझ्या मागे आणखी कोण असणार?

नॉर्मा : मग तू काय केलंस?

वेंडेल : हात आपोआप वर गेला. पुढे जाऊन ट्रक थांबवला नि बसून राहिलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तू सगळ्यांच्या पोटातलं काढून घेतेस, तुला ठाऊक असेल. आजारबिजार आहे का तो?

नॉर्मा : खातो तर चांगला. काल ॲपल पायचे दोन तुकडे हाणले.

वेंडेल : मग चर्चमध्ये कुणी समजावलं असेल. नवा पाद्री फार गोड बोलतो म्हणे.

नॉर्मा : तीन गावांत मिळून तो एक पाद्री. प्रवचन उरकून पळतो बिचारा, भांडणं मिटवायला थांबतो कुठे?

वेंडेल : पवनचक्क्यांचा राग निवळला असेल.

नॉर्मा : स्वप्नं बघ! बापाच्या टेकडीवर भावाला न विचारता कंपनीचे पंखे उभे केलेस. परवासुद्धा इथे बसून म्हणत होता, वेंडेलनं आभाळ भाड्यानं दिलं.

वेंडेल : टेकडी माझ्या वाटणीची होती! आणि त्या पंख्यांचा कर येतो म्हणून शाळा चाललीय आपली. पलीकडच्या काउंटीची पडलीच ना बंद?

नॉर्मा : माझ्यावर कशाला ओरडतोस? मला पटतंय. अर्ध्या काउंटीला पटत नाही, आणि तीही माझ्याकडेच जेवते.

वेंडेल : मग बोट का उचललं त्यानं?

नॉर्मा : कॉफी देऊ अजून?

वेंडेल : नॉर्मा, तू विषय बदललास की मला धडकी भरते. पहिलीपासून ओळखतो तुला.

नॉर्मा : हल्ली तो सगळ्यांनाच उचलतो रे.

वेंडेल : म्हणजे?

नॉर्मा : ट्रक दिसला, ट्रॅक्टर दिसला, की उचललं बोट. परवा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कापणीयंत्रालाही उचललं. आत कुणी नव्हतं. डेअरीवर कामाला आलेल्या त्या ग्वाटेमालाच्या पोरांनी पाहिलं.

वेंडेल : मस्करी करत असेल.

नॉर्मा : गेलन? जन्मात केलीय कधी? इथे येतो, फळ्याकडे बघतो आणि मला विचारतो, आज काय आहे. फळ्यावर ही एवढाली अक्षरं! त्याला दिसत नाही, वेंडेल. समोर काहीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही. कुणाचा अपमान नको म्हणून सगळ्यांनाच बोट उचलतो.

वेंडेल : म्हणजे ते मला नव्हतं.

नॉर्मा : नव्हतं.

वेंडेल : आणि मी येडा रात्रभर... हॅ! कुणाकुणाला ठाऊक आहे हे?

नॉर्मा : सगळ्यांना. शेरीफलासुद्धा. तुझ्यापुढे गेलनचं नाव कोण काढणार?

वेंडेल : अगं पण त्याच रस्त्यानं शाळेची बस येते! गाडी कशी चालवू देतात त्याला?

नॉर्मा : किल्ली मागायची कुणी? अठरा मैलांवर राहतो, बायको आर्लीन गेल्यापासून एकटा. तुमच्या वडलांकडून किल्ली काढून घेतलीत, त्यानंतर त्यांनी अंगण तरी ओलांडलं का?

वेंडेल : नाही ओलांडलं.

नॉर्मा : शेरीफ म्हणतो, घरच्या माणसानं सांगायला हवं.

वेंडेल : घरचं कोण आहे त्याला?

नॉर्मा : तेच तुला कसं विचारावं, याचा महिनाभर विचार करतेय मी.

वेंडेल : मी सांगितलं तर म्हणेल, आभाळ घेतलंस, आता रस्ताही घे.

नॉर्मा : म्हणेलच.

वेंडेल : सकाळी किती वाजता निघतो तो?

नॉर्मा : गुरांना चारा घालून झाला की. का?

वेंडेल : किल्ली नाही मागणार मी. त्याच्या दारात ट्रक उभा करीन आणि म्हणेन, बस.

नॉर्मा : नाही बसला तर?

वेंडेल : दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. मला कसली घाई आहे?

नॉर्मा : आणि बसला तर? अकरा वर्षं तोंड उघडलं नाहीत एकमेकांशी. गावापर्यंत बोलशील काय?

वेंडेल : समोरून कोण येतंय, ते सांगत जाईन.