अकरा आणि बारा नंबरच्या खुर्चीबाबत

माझे नाव लेनर्ड स्टीफन कुझनिआर, वय ६८, धंदा – पूर्वी ट्राम दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर, सध्या निवृत्त, राहणार मिंटर स्ट्रीट, चढाच्या मधोमध, कॉर्लिस हाइट्स, पेनसिल्व्हेनिया.

समक्ष ठाण्यात येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या संतापाने जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. माझी तक्रार डेल मॅकगोनिगल, वय ७०, याच्याविरुद्ध आहे. तो माझ्या बरोबर समोरच्या घरात राहतो. त्याचे माझे नाते काय, असे सार्जंट डोना पेट्राका मॅडम यांनी विचारले. मी 'शेजारी' असे सांगितले. त्या म्हणाल्या, "रस्त्यापलीकडे राहतो ना? मग समोरचा म्हणा." मी म्हणालो, "शेजारीच लिहा. का ते पुढं कळेल."

तक्रार अशी की, काल दुपारी मी चर्चच्या तळघरात पिएरोगी, म्हणजे आमचे बटाट्याच्या सारणाचे उकडलेले कानवले, आणायला गेलो असता, सदर डेल याने माझी आणि त्याची सामाईक मालकीची जोडखुर्ची भर रस्त्यात विजेच्या करवतीने मधोमध कापली. अकरा नंबरची खुर्ची त्याने माझ्या पायरीवर आणून ठेवली आणि बारा नंबरची स्वतःच्या घरी नेली.

सदर खुर्ची रिव्हेटर्स या आमच्या शहराच्या फुटबॉल संघाच्या जुन्या मैदानातील आहे. तिच्यावर मी व डेल तीस वर्षे बसलो. लोखंडी होती. डिसेंबरात तिच्यावरून उठताना पँट सोबत येईल याची खात्री नसे. पुढे क्लबने मैदानाचा कायापालट केला. आमच्या बाजूला गरम होणाऱ्या गाद्या आल्या, पेला ठेवायला खाच आली, आणि एवढा मोठा पडदा आला की समोर चाललेला खेळ लोक मान वर करून पडद्यावर बघतात. तिथे आता जागेला जागा म्हणत नाहीत, 'अनुभव' म्हणतात. माझा अनुभव गेटवरून उजवीकडे आहे.

जुन्या खुर्च्या क्लबने जुन्या प्रेक्षकांना आठवण म्हणून दिल्या, पण दोन-दोनच्या जोडीने, कारण दोन खुर्च्यांत मिळून तीन पाय आहेत आणि मधला पाय सामाईक आहे. आमची जोडी माझ्या गॅरेजमध्ये असे. ऑगस्टात आम्ही ती बाहेर काढून तिच्यावर बसत असू आणि येणाऱ्या हंगामाबद्दल खोटी आशा बाळगत असू.

वैर कशावरून, असे विचारले असता सांगतो की, क्वार्टरबॅकवरून. संघाला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, हवा आहे. संघ जिंकला तर शहर त्याला डोक्यावर घेते, हरला तर त्याच्या आईचा उद्धार करते. एप्रिलमध्ये कॉलेजातल्या पोरांतून एक निवडायचा आहे. मी केल्बी स्ट्राउटच्या बाजूचा आहे. डेल हा डॅरियस ओडमच्या बाजूचा आहे. दोघांपैकी एकालाही आम्ही प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले नाही. त्यामुळे आमची मते ठाम आहेत.

नाताळच्या आधीच्या सामन्याला आम्ही नेहमीप्रमाणे मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर शेगडी लावून सॉसेज भाजत होतो. तेव्हा मी म्हणालो, "स्ट्राउटचा हात म्हणजे तोफ आहे."

डेल म्हणाला, "तोफ आहे रे, पण तोंड आपल्याच लोकांकडं. निम्मे चेंडू समोरच्या संघाला वाटून टाकतो."

"आणि तुझ्या ओडमच्या पंजात अंडं मावत नाही. बर्फात ओला चेंडू कसा धरणार तो?"

"म्हणून तर मैदानाला छत हवं."

निवडीआधी क्लबवाले पोरांचे पंजे मोजतात; येथे मॅडमनी ओडमचा पंजा नेमका किती भरला असे विचारले. मी बोटे ताणून दाखविले. मॅडमनी स्वतःचा पंजा टेबलावर पसरला. तो ओडमच्या पंजापेक्षा मोठा निघाला. त्यावर आतल्या खोलीतून आणखी दोन हवालदार आले व त्यांनीही पंजे मोजले. ठाण्याचे कामकाज थोडा वेळ थांबले. नंतर जबाब पुढे सुरू झाला.

छताचा विषय निघाला आणि सगळे बिघडले. छत हे क्लबचे पुढचे खूळ आहे. मी डेलला म्हणालो, "छत टाकून फुटबॉल म्हणजे छत्री घेऊन अंघोळ. बर्फ हा आपला गडी आहे." तो म्हणाला, "लेनी, तुझं डोकं गोठलंय म्हणून तुला कळत नाही. माझा खुबा गोठतो." मी म्हणालो, "एवढी ऊब लागत असेल तर घरी बस ना."

तो घरी बसला.

पुढच्या सामन्याला माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिची गादी आपोआप सुरू झाली व रिकामीच तापत राहिली. मागच्या रांगेतल्या एका इसमाने तिच्यावर आपला कोट व नाचोची थाळी ठेवली. तो सामना रिव्हेटर्सनी जिंकला असे मला दुसऱ्या दिवशी पेपरमधून समजले. जानेवारीत डेलच्या खुब्याचे ऑपरेशन झाले, हे मला आमच्या गल्लीतल्या अगाथा व्रॉबेल बाईंकडून कळले. मी भेटायला गेलो नाही. जायला हवे होते काय, हा प्रश्न मॅडमनी विचारलेला नाही.

आता घटनेकडे येतो. आमच्याकडे रिवाज असा की, ज्याने बर्फ उपसून गाडीची जागा मोकळी केली त्याने तिथे खुर्ची ठेवायची. खुर्ची आहे म्हणजे जागा त्याची. ती खुर्ची कोणी हलवत नाही. नवरा-बायकोचा घटस्फोट होतो, पण खुर्ची हलत नाही. मॅडम म्हणाल्या की रस्ता सरकारी आहे, कायद्यात अशा खुर्चीला स्थान नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या दारात इस्त्रीचं टेबल ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय." त्या म्हणाल्या, "ते लिहायची गरज नाही."

परवा खूप बर्फ पडला. काल सकाळी डेल भाचीबरोबर दवाखान्यात तपासायला गेला. तो परत येईपर्यंत त्याच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत मी आमची जोडखुर्ची ठेवली व पिएरोगी आणायला गेलो. डेल आला. माझी खुर्ची पाहून त्याने नियम पाळला. भाचीला गाडी उताराच्या टोकाला लावायला सांगितली आणि काठी टेकत, त्या बर्फातून, चढ चढून वर आला. वाटेत दोनदा बसला असे अगाथाबाई सांगतात. घरी पोचल्यावर त्याने करवत काढली.

करवतीला वीज अगाथाबाईंनी आपल्या खिडकीतून वायर टाकून दिली. तुम्ही त्याला थांबवले का नाही, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, त्यानं किती नम्रपणे मागितली." कापताना तो बारा नंबरच्या खुर्चीवरच बसला होता. अगाथाबाईंच्या सांगण्यानुसार त्याचे शब्द असे: "महिनाभर माझ्या दारातला बर्फ नगरपालिका उपसतेय आणि हा लेनी आयत्या जागेवर खुर्ची मांडतो. एका पोराच्या पंजावरून माणूस एवढा खाली जातो?"

मॅडमनी विचारले की, मिंटर स्ट्रीटवर नगरपालिकेने बर्फ उपसल्याचे तुम्ही कधी पाहिले आहे काय. मी नाही असे उत्तर दिले. कोणीच पाहिलेले नाही.

मग डेलच्या दारातला बर्फ महिनाभर कोण उपसत होते, असे त्यांनी विचारले. मी ओडमच्या पंजाविषयी आणखी काही सांगू लागलो. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. मी सांगतो की, मी उपसत होतो. तो उठायच्या आत उपसत होतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला गाडी दाराशी लागते. काल खुर्ची ठेवण्याचे कारण एवढेच की, अगाथाबाईंच्या वरच्या मजल्यावर नवीन आलेले भाडेकरू मोकळी जागा दिसली की गाडी घुसवतात. त्यांना आमच्याकडचे काही कळत नाही.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे जागा त्याच्यासाठीच धरली होती? मग त्याला सांगायचं ना."

मी म्हणालो, "आमचं बोलणं बंद आहे. सांगता येत नाही म्हणून तर जोडखुर्ची ठेवली. गॅरेजात साधी खुर्चीही होती. बारा नंबर त्याच्या दाराच्या बाजूला येईल असा ठेवला होता. याच्याहून स्पष्ट काय सांगायचं माणसानं?"

मॅडमनी 'बारा नंबर' या शब्दांखाली रेघ मारली.

नुकसानीबाबत सांगतो की, काप सरळ आहे, हात कापरा नसावा. मधला सामाईक पाय त्याने माझ्या भागाकडे ठेवला. त्यामुळे माझी अकरा नंबरची खुर्ची उभी राहते. त्याची बारा नंबरची एका पायावर उभी राहत नाही. ती त्याने व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे व तो तिच्यावर बसू शकत नाही. हे मला माझ्या खिडकीतून दिसते. मला त्याचा फार त्रास होतो.

तुमची मागणी काय, अटक हवी की भरपाई, असे विचारल्यावर सांगतो की, दोन्ही नको. मी वेल्डर आहे, जोड मी स्वतः मारीन. मात्र जोड मारताना पलीकडचा भाग दुसऱ्या माणसाने घट्ट धरावा लागतो. तो कोण धरणार, हे पोलिसांनी त्याला जाऊन विचारावे. मी विचारणार नाही. ओडमबाबत माझे मत कायम आहे, हेही त्याला सांगावे, नाहीतर त्याला वाटेल मी नमलो.

एवढाच माझा जबाब. तो मॅडमनी मला सावकाश वाचून दाखविला आणि मी सांगितला तसाच उतरला आहे. इस्त्रीच्या टेबलाचा उल्लेख खोडायला मी हरकत घेतली. वाचताना मॅडम 'शेजारी' या शब्दापाशी थांबल्या व हा बदलून 'समोरचा' करू का, असे त्यांनी पुन्हा विचारले. नंतर त्यांनी स्वतःच नकारार्थी मान हलवली. तो शब्द तसाच ठेवून मी खाली सही केली आहे.

लेनर्ड कुझनिआर, खुर्ची नंबर अकरा