चिमट्यांची दोन पोती

...आणि आठ दिवसांत ही सातवी! "काका, कपड्यांचे चिमटे आहेत का? तीन डझन?" अहो, तीन डझन? एवढं धुणं असतं कुणाच्या घरी? आणि सातही जणी शाळेतल्या बाई, सात वेगळ्या शाळांच्या, एकमेकींना ओळखतही नाहीत... मग हे यांना सांगतं कोण?

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान चालवतोय, गिऱ्हाईक बादली घेणार की नुसतीच वाजवून बघणार ते मी चपलेच्या आवाजावरून ओळखतो! म्हटलं, वाहत्या गंगेत हात धुवावेत, मागवले दोन पोती चिमटे. पोती आली, आणि आठवी बाई काय म्हणते? "चिमटे नकोत काका, बर्फाचे ट्रे आहेत का?"

दुकानात जागा नाही, पोती घरी, पलंगाशेजारी. बायको म्हणाली, "रविवारनंतर या खोलीत एकतर ही पोती राहतील, नाहीतर मी. आणि मग पोत्यांनाच स्वयंपाक शिकवा!"

धाकटी बहीण तिसरीला शिकवते. तिला गाठलं, बाई गं, हे तुम्हाला सांगतं कोण? तिने मोबाइल पुढे केला. "दादा, आमचा गट आहे, चाळीस हजार शिक्षकांचा. एकीने मधल्या सुट्टीत शिकवायची युक्ती टाकली की शाळा सुटायच्या आत सगळ्यांकडे!"

"आणि त्याचं घेता किती?"

"काही नाही."

काही नाही! अहो, मी माल कुठून उचलतो ते सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि ही माणसं आपली गुपितं चव्हाट्यावर मांडतात, वर एकमेकांचे आभार मानतात! मी वाचतच बसलो... जेवण गार.

आणि वाचता वाचता सुचलं हो! माझी शाळा चौथीत सुटली ती बेरजेतल्या हातच्यापायी. "हातचा एक," गुरुजी म्हणायचे, पण दिसायचा कुठे? आता बघा, दोरीवर चिमटे लावायचे, दहा झाले की दहाही काढायचे आणि शेजारच्या दोरीवर एकच लाल. दिसला हातचा! बहिणीने फोटो टाकला, "युक्ती माझ्या दुकानदार दादाची."

शनिवारी दुकानापुढे ही रांग! पहिलीच बाई म्हणाली, "काका, वर्गातल्या एका मुलीला वर्षभर कळेना ते काल कळलं, टाळ्या पिटल्या तिने!" तिच्यासाठी मी स्टूल पुसून पुढे केलं हो. मग म्हणालो, "किती डझन देऊ?"

"चिमटे नकोत! फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाच पाडली की तोच दोरीवर बसतो, काम फुकटात होतं. तुमच्याकडे रिकामी खोकी असतीलच ना?"

मागून नऊ जणी, "आम्हालाही!"

दिली. सगळी दिली. पोती जिथल्या तिथे... आणि रविवारी बायको माहेरची पिशवी भरता भरता विचारते, "तुमच्याकडे खोकी मिळतात, हे यांना सांगतं कोण?"

अहो, फोटोखाली दुकानाचा पत्ता मीच टाकला होता... नकाशासकट!