सहाव्या महिन्याची डबी

(मलावीतला एक दवाखाना. क्षयरोगाच्या खोलीत चिसालेसाहेब, समोर एलुबी आणि तिच्या गावची स्वयंसेविका नासिबेको.)

एलुबी : साहेब, आईच्या कार्डावर ‘बरी झाली’ लिहिलंय. तिला पुरून आज नववा दिवस.

चिसाले : तारखा बघ. बरी झाली मार्चमध्ये. गेली मेमध्ये.

एलुबी : मार्चमध्ये ती विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसायची.

चिसाले : औषधाच्या सहाव्या महिन्याची थुंकी स्वच्छ. एचआयव्हीच्या गोळ्याही चालू. आमच्याकडं शंभरातले अठ्ठ्याऐंशी बरे होतात, पोरी. राजधानीहून, लिलाँग्वेहून पाहुणे येतात बघायला.

एलुबी : आई त्या अठ्ठ्याऐंशीत आहे?

चिसाले : आहेच.

एलुबी : आता धाकटी डोरिका खोकतेय. परवा रक्त पडलं. आईला औषध लागू पडलं नाही, एवढं लिहा. मग डोरिकाची थुंकी तपासायला राजधानीला जाईल, भारी औषध मिळेल.

चिसाले : बऱ्या झालेल्या बाईच्या मुलीला साध्या गोळ्या. नियम आहे.

एलुबी : नासिबेको मावशी, सांगा ना. आईच्या थुंकीची डबी तुम्हीच आणली होतीत.

नासिबेको : काय सांगू गं? तुझ्या आईला, फिडेसला बेडका येईना. दोन सकाळी खोकखोक खोकली, नुसती लाळ. लाळ नेली की हे मलाच झापतात. सात मैल चालायचं मी. शेवटी तीच म्हणाली, “तू थुंक. तू धडधाकट आहेस.”

एलुबी : आणि तुम्ही थुंकलात.

नासिबेको : हसलो की आम्ही दोघी! कार्ड मिळालं तेव्हा कोंबडी कापली तिनं.

चिसाले : हे मी ऐकलं नाही. सांगायचंच असेल तर लेखी दे, सही कर. मग उद्यापासून तुझं काम बंद, सायकल परत. आणि वरचे विचारतील, बाकीच्या चाळीस डब्यांत कोण थुंकलं?

नासिबेको : सायकल कधी दिलीत तुम्ही?

एलुबी : मावशी, सही करा.

नासिबेको : मला कुठं लिहिता येतं, बाळा?

एलुबी : आईनं गोळी गिळली की तिच्या कार्डावर रोज करत होतात.

नासिबेको : ती फुली होती.

चिसाले : डोरिकाचं नवं कार्ड करतो. पाचव्या महिन्यातही जंतू दिसले, तर पाठवू राजधानीला.

एलुबी : तोवर ती राहील?

चिसाले : गोळ्या गिळताना बघायला माणूस लागतं. तू आहेस?

एलुबी : सोमवारी मला चहाच्या मळ्यावर परत जायचंय. गावात शिकवलेलं दुसरं कोण आहे?

चिसाले : कोणी नाही.

एलुबी : मग मावशींचंच नाव लिहा.